एकट्याची सफर आणि ‘मी’चा किनारा

1 मार्च 1825 रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील ‘केंट’ हे जहाज बिस्केच्या उपसागरात पेटले. ते बंगालकडे निघाले होते. सैनिक, त्यांच्या बायका-मुले व खलाशी अशी सहाशेहून अधिक माणसे त्यावर होती. ‘कँब्रिया’ नावाच्या लहान जहाजाने त्यांतील बहुतेकांना वाचविले. वाचलेल्यांत पाच आठवड्यांचा एक मुलगा होता. त्याचे वडील डंकन मॅकग्रेगर हे लष्करी अधिकारी. या आपत्तीचा वृत्तान्त त्यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिला. हा मुलगा, जॉन मॅकग्रेगर, पुढे लंडनमध्ये बॅरिस्टर झाला आणि 1867 च्या उन्हाळ्यात 21 फूट लांबीच्या शिडाच्या होडीतून थेम्स नदीवरून समुद्रात उतरला. होडीत दुसरे कोणीही नव्हते. या सफरीवर त्याने जे पुस्तक लिहिले त्याच्या नावातच ‘अलोन’ हा शब्द आहे: ‘द व्हॉयेज अलोन इन द यॉल रॉब रॉय’.

बापाच्या पुस्तकाचा विषय गर्दी होता, मुलाच्या पुस्तकाचा विषय एकांत. एकाच घराण्यातील या दोन पुस्तकांमध्ये इंग्रजी सागरी गद्याचा एक मोठा पालट सामावलेला आहे, असे आम्हांस वाटते. तोवर समुद्रावर एकटा पडलेला मनुष्य बहुधा दुर्दैवी समजला जाई. आता सुस्थितीतील मनुष्य हौसेने एकटा निघू लागला आणि परत येऊन ते लिहू लागला. जोशुआ स्लोकमची 1895 ते 1898 मधील एकट्याची जगप्रदक्षिणा सर्वपरिचित आहे. परंतु या लेखनप्रकाराचा उगम त्याआधी 25-30 वर्षे, आणि तोही महासागरावर नव्हे तर किनाऱ्यालगत, शोधावा लागतो. तेथे ‘एकटा’ या शब्दाचा नेमका अर्थ काय होता, एवढाच प्रश्न आम्ही येथे हाती घेत आहोत.

किनाऱ्याने जाणे सोपे, हा जमिनीवरच्यांचा समज आहे. लहान होडीला खुल्या समुद्राहून जमिनीचेच भय अधिक असते. वारा किनाऱ्याकडे ढकलीत असेल तर मागे सरकण्यास जागा उरत नाही. इंग्लिश खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह सुमारे दर सहा तासांनी दिशा बदलतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो इतका जोरकस असतो की मंद वाऱ्यात होडी पुढे जाते आहे की मागे, हे किनाऱ्यावरील खुणा पाहूनच कळते. त्यातच वाळूचे दांडे, खडक आणि जहाजांची वर्दळ. या साऱ्याचा परिणाम असा की किनाऱ्यालगत एकट्याला झोपता येत नाही. त्याने बंदर गाठावे, नांगर टाकावा, अथवा जागे राहावे.

मॅकग्रेगरची होडी याच हिशेबाने बांधलेली होती. जीवरक्षक नौका बांधणाऱ्या कारखान्यात ती तयार झाली. तिची बांधणी ‘यॉल’ पद्धतीची, म्हणजे मुख्य डोलकाठीच्या मागे अगदी टोकाशी आणखी एक छोटे शीड. वारा वाढला की मोठे शीड उतरवावे. पुढचे व मागचे अशी दोन छोटी शिडे होडीचा तोल सांभाळतात आणि एकट्याला हात मोकळा मिळतो. अशा होडीतून तो फ्रान्सच्या किनाऱ्याने हाव्रपर्यंत आणि तेथून सेन नदीने पॅरिसच्या प्रदर्शनाला गेला, आणि परतताना एकट्याने रात्रीची खाडी ओलांडून इंग्लंडास पोहोचला. वाटेत भेटणाऱ्या खलाशांना तो धार्मिक पुस्तिका वाटीत असे. म्हणजे त्याचा एकांतही माणसांनी भरलेलाच होता!

त्याचे पुस्तक वाचून एम्पसन मिडलटन नावाच्या गृहस्थाने तशीच होडी बांधवून घेतली आणि 1869 मध्ये इंग्लंडला एकट्याने वळसा घातला. स्कॉटलंडचे उत्तर टोक त्याने गाठले नाही. फोर्थ व क्लाइड या नद्यांना जोडणाऱ्या कालव्यातून तो एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात गेला. त्याचे ‘द क्रूझ ऑफ द केट’ हे पुस्तक 1870 मध्ये प्रसिद्ध झाले. एका पुस्तकातून सफर निघावी आणि सफरीतून पुन्हा पुस्तक, हा क्रम येथे प्रथमच स्पष्ट दिसतो.

आता या एकटेपणाखालचा पाया पाहू. ब्रिटिश आरमाराचे सागरी नकाशे 1821 पासून सर्वांना विकत मिळू लागले होते. जीवरक्षक नौकांची राष्ट्रीय संस्था 1824 मध्ये स्थापन झाली होती. रॉबर्ट फिट्झरॉय याने 1861 मध्ये बंदरांना तारेने वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू केली. कालवा खणणारे, दीपस्तंभात वात जागवणारे, बंदरात दोर झेलणारे अशा असंख्य हातांच्या आधारावर हा ‘मी’ उभा आहे. पुस्तकात हे हात क्षणभर डोकावतात आणि कर्त्याच्या जागी पुन्हा ‘मी’ येतो.

या मौनाची सामाजिक बाजू रिचर्ड मॅकमलन याच्या लेखनात उघड होते. हा शेअर दलाल 1850 पासून लहान होड्यांतून हिंडत होता. त्याचे ‘डाउन चॅनल’ हे पुस्तक 1869 चे. त्याच्या ‘ओरायन’ या सुमारे 20 टनांच्या नौकेवर पगारी खलाशी असत. 1877 मध्ये त्यांच्या कामाला कंटाळून त्याने त्यांना फ्रान्सच्या किनाऱ्यावरच कामावरून दूर केले आणि एवढी मोठी नौका एकट्याने इंग्लंडास आणली. या घटनेवर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते वाचताना आम्हांस जाणवते की येथे एकटेपणाचा उगम निसर्गप्रेमात नाही, मालक आणि नोकर यांच्या भांडणात आहे. खलाशांची बाजू कोठेही नोंदलेली नाही. ज्याच्या हाती लेखणी, त्याचीच सफर राहिली.

पण याच मॅकमलनची कथा पुढे वेगळ्या जागी पोहोचते. जून 1891 मध्ये, वयाच्या एकसष्टीच्या सुमारास, तो ‘पर्सियस’ या लहान नौकेतून एकटाच खाडी ओलांडीत होता. फ्रेंच कोळ्यांना ती नौका समुद्रावर आढळली. तो सुकाणूपाशी बसलेलाच होता. प्राण गेले होते. ज्या क्षणी तो निःसंशय एकटा होता, त्या क्षणाबद्दल त्याचे एकही वाक्य नाही. ते आपल्यापर्यंत आले ते त्या कोळ्यांमुळे, आणि ‘डाउन चॅनल’च्या 1893 च्या मरणोत्तर आवृत्तीमुळे. ज्या खलाशांवाचून आपले चालते हे त्याने सिद्ध केले होते, तशाच कष्टकरी माणसांनी अखेर त्याला किनाऱ्याला आणले.

अर्स्किन चिल्डर्सने 1903 मध्ये ‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही कादंबरी लिहिली तेव्हा ही अडचण त्याने बरोबर ओळखली असावी. तिच्यातील डेव्हिस हा नाविक फ्रिजियन किनाऱ्यावर एकटा असताना मरणाच्या दारातून परत येतो. परंतु कथा सुरू होण्यासाठी कॅरुथर्सला लंडनहून बोलवावे लागते. निवेदक तोच. एकट्यावर गुदरलेले दुसऱ्याला सांगितल्यावरच त्याची गोष्ट होते.

आपल्या अभ्यासक्रमांत प्रवासवर्णनातील ‘मी’ला आपण बहुधा लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार म्हणून वाचतो. त्या वाचनाला आमचा विरोध नाही. मॅकग्रेगरचे धैर्य खरे आहे, मॅकमलनचे कौशल्यही खरे आहे. रात्रीच्या वाऱ्यात ती शिडे दुसऱ्या कोणी आवरली नाहीत. आमचे म्हणणे इतकेच, की ‘मी एकटा निघालो’ हे वाक्य समोर आले की दोर कोणी सोडला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आधी विचारावा, आणि मग पुढे वाचावे.