फ्राम जहाजावरील दोन नोंदी

लाट म्हटली की किनाऱ्यावर फुटणारी फेसाळ लाट आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु समुद्राच्या पोटातही लाटा उठतात, आणि वर पाहणाऱ्याला सहसा त्यांचा मागमूसही लागत नाही. त्यांची हकिकत ध्यानात घेण्याजोगी आहे.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेचा संशोधक नान्सेन आपले ‘फ्राम’ जहाज घेऊन सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याने निघाला होता. शांत हवेत ताशी सहा-सात सागरी मैल जाणारे ते जहाज एकाएकी दीड मैलही कापीना, सुकाणूलाही जुमानीना. खलाशी अशा पाण्याला ‘मृतजल’ म्हणत. नान्सेनने ही भाकडकथा म्हणून झटकली नाही. त्याने ती टिपून ठेवली आणि पुढे ब्यर्कनेस या शास्त्रज्ञापुढे मांडली. त्याने तर्क केला की, खाऱ्या, जड पाण्यावर गोड्या पाण्याचा हलका थर पसरला असेल, तर जहाजाचा जोर त्या दोहोंच्या सांध्यावर लाटा उठविण्यातच खर्ची पडत असावा. त्याचा शिष्य एकमन याने हौदात प्रयोग करून हे दाखवून दिले. १९०४ साली त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

त्याच सफरीत दुसरी एक नोंद झाली. बर्फात अडकून १८९६ पर्यंत वाहत गेलेल्या फ्रामवरून खोल पाण्याचे तापमान मोजले गेले. वर गोठणारे पाणी. पण सुमारे दोनशे मीटरांखाली अटलांटिकमधून आलेले ऊबदार पाणी! ते अधिक खारे, म्हणून जड. म्हणूनच ते खाली दबून राहते.

आज या दोन नोंदी एकमेकींना भेटत आहेत. बर्फ हे समुद्रावरचे झाकण आहे. ते वाऱ्याचा जोर अडविते आणि आतल्या लाटांनाही लगाम घालते. १९७९ पासूनच्या उपग्रहांच्या मोजणीत ते झाकण आकसताना दिसते; सप्टेंबर २०१२ मध्ये ते सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर एवढेच उरले. झाकण सरले की वारा पाणी ढवळतो, आतल्या लाटा बळावतात, आणि त्या फुटल्या म्हणजे खालची ऊब वर येऊ शकते. मग उरलेल्या बर्फाचे काय? उलट, वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी वरचा थर हलका करून हे मिसळणे रोखते. म्हणून सर्वत्र एकच परिणाम आढळत नाही. ठिकठिकाणी मोजावेच लागते.

खलाशांच्या तक्रारीला हसून सोडून दिले असते, तर काय मोजावे हेही आपल्याला उमगण्यास किती उशीर झाला असता!