मोटारीतील वाढीव विद्युत उपकरणांची जोडणी

मोटार कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर मालकाने स्वतंत्रपणे बसवून घेतलेले दिवे, हॉर्न, ध्वनियंत्रणा, डॅशकॅम इत्यादी साधनांना वाढीव विद्युत उपकरणे म्हणतात. ती मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. एवढ्या दाबाचा झटका माणसाला सहसा जाणवत नाही, म्हणून हे काम निर्धोक समजले जाते. प्रत्यक्षात भीती झटक्याची नसून आगीची असते.

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड व चाकण हा देशातील मोटार उद्योगाचा प्रमुख पट्टा आहे. पिंपरीत टाटा मोटर्स, चाकण परिसरात महिंद्र व फोक्सवॅगन यांचे कारखाने असून बॅटऱ्या बनवणाऱ्या एक्साइडचा कारखाना चिंचवडला आहे. कारखान्यात प्रत्येक तारेची जाडी व तिचा फ्यूज हिशेबाने ठरतो. तीच गाडी सजावटीच्या दुकानात गेली की हा हिशेब पुष्कळदा कारागिराच्या अंदाजावर येतो.

पिंपरीच्या टाटा मोटर्सची नॅनो ही मोटार २००९ मध्ये बाजारात आली. काही नॅनो गाड्यांना आगी लागल्यानंतर कंपनीने चौकशी केली आणि बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे किंवा एक्झॉस्टवर राहिलेल्या परक्या वस्तू ही कारणे २०१० मध्ये सांगितली. त्याचबरोबर एक्झॉस्ट व विद्युत यंत्रणेला जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याची तयारीही दाखवली. हे निदान उत्पादकाचे स्वतःचे होते, हे लक्षात घ्यावयास हवे.

आग कशी लागते

मोटारीचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. त्यामुळे धन टोकाकडून निघालेल्या तारेचे आवरण घासून कोठेही लोखंडाला टेकले की शॉर्ट सर्किट होते. बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो व तार क्षणात तापून लाल होते. फ्यूज असतो तो या तारेच्या रक्षणासाठी, उपकरणाच्या नव्हे. म्हणूनच तो उपकरणाजवळ बसवणे व्यर्थ ठरते. तो धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा लागतो. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार किंवा मोठा फ्यूज घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घरी पाठवणे होय.

दुसरा प्रकार संथ असतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटासाठी ६० वॅटच्या जागी १०० वॅटचे दिवे बसवले, तर मूळ तारेतून दोन दिव्यांचा प्रवाह सुमारे १० ऐवजी १७ अँपिअर होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ पावणेतीनपट होते. पिळून टेप गुंडाळलेले जोड प्रथम सैल होतात, कारण इंजिनाच्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो.

योग्य जोडणी

अधिक प्रवाहाच्या उपकरणासाठी रिले वापरतात. त्याच्या ८५ व ८६ या टोकांतून स्विचचा क्षीण प्रवाह जातो. ३० हे टोक फ्यूजमार्गे बॅटरीला व ८७ उपकरणाला जोडतात. काम सुरू करताना ऋण टोक आधी सोडवतात व शेवटी बसवतात. अन्यथा धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागून ठिणगी उडते. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या अनेक गाड्यांत ऋण टोकावर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. तेथे उपकरणाची ऋण तार टोकाला न जोडता सांगाड्याला जोडावी लागते, नाहीतर तिचा प्रवाह मोजलाच जात नाही.

गाडी उभी असतानाही चालणारी उपकरणे बॅटरी रिकामी करतात. २५० मिलीअँपिअर घेणारा डॅशकॅम दिवसाला ६ अँपिअर-तास खर्च करतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याच्या आतच संपते आणि गाडी त्याआधीच सुरू होईनाशी होते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत. वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११९ अन्वये वर्ज्य आहेत.