गोसिओ वायूची कुळकथा

स्वीडिश औषधविक्रेता व रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शीले याने 1775 मध्ये तांब्याचा क्षार आणि सोमल, म्हणजे आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड, यांच्यापासून एक हिरवा रंग सिद्ध केला. पुढे 1814 मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे विल्हेल्म सॅटलर याने त्याहून तेजस्वी असा दुसरा आर्सेनिकयुक्त हिरवा रंग बाजारात आणला, आणि 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील घरांच्या भिंतींवर चिकटवल्या जाणाऱ्या छापील कागदांत हे दोन्ही रंग सर्रास दिसू लागले. सोमल हे विष आहे हे तेव्हा कोणाला शिकवावे लागत नव्हते. अडचण निराळीच होती: पोटात गेल्यावर मारणारा पदार्थ भिंतीवर खळीने चिकटून राहिला असता, त्याला हातही न लावणाऱ्या माणसाला तो बाधतो कसा, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

ते उत्तर हवेत शोधावे असे प्रथम जाहीरपणे सुचवले ते हायडेलबर्गचा रसायनज्ञ लिओपोल्ड ग्मेलिन याने. हिरव्या कागदाच्या दमट खोल्यांत उंदरांसारखा उग्र वास येतो, तो आर्सेनिकच्या एखाद्या उडून जाणाऱ्या संयुगाचा असावा आणि असे कागद भिंतींवरून काढून टाकावेत, असा इशारा त्याने 1839 मध्ये कार्लस्रूहच्या वृत्तपत्रातून दिला. या तर्कामागे मोजमाप नव्हते, केवळ नाक होते. तरीही ओल, वास आणि आजार यांची त्याने घातलेली सांगड पुढील शंभर वर्षे कोणाला सोडवता आली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आर्सेनिक ओळखण्याची खात्रीची कसोटी तोवर हाती आलेली होती, पण ती हवेसाठी घडलेली नव्हती. वुलिचच्या शस्त्रागारातील रसायनज्ञ जेम्स मार्श याला एका खटल्यात, आजोबांच्या कॉफीत सोमल मिसळल्याचा आरोप असलेल्या तरुणाविरुद्ध, रासायनिक पुरावा सादर करायचा होता. त्याने द्रावणातून गंधकयुक्त वायू सोडून हरताळाच्याच घटकांचा पिवळा साका मिळवला खरा, परंतु ज्यूरीपुढे येईपर्यंत तो बिघडला आणि आरोपी सुटला. या फजितीतून मार्शने जी पद्धत बसवली व 1836 मध्ये प्रसिद्ध केली, तीत संशयित पदार्थ जस्त आणि आम्ल यांच्यात टाकला जातो, निघणाऱ्या हायड्रोजनशी आर्सेनिकचा संयोग होऊन आर्सीन नावाचा वायू बनतो, आणि त्या वायूची ज्योत थंड चिनी मातीच्या बशीवर धरली असता तिच्यावर आर्सेनिकचा काळसर, आरशासारखा चकाकणारा डाग उमटतो. भिंतीवरचा कागद खरवडून तपासण्यास ही रीत उत्तम होती. मिशिगनचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक रॉबर्ट केड्झी याने तर 1874 मध्ये आर्सेनिकयुक्त कागदांचे 86 नमुने बांधलेले एक पुस्तकच शंभर प्रतींत काढून ग्रंथालयांना वाटले. वाचकाला सावध करण्यासाठी विषच त्याच्या हाती देण्याचा हा प्रकार आरोग्यशिक्षणाच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. मात्र कागदात आर्सेनिक आहे एवढे सिद्ध झाल्याने खोलीच्या हवेत ते आहे असे ठरत नाही, आणि वादाचे मूळ तिथेच होते. एका पक्षाच्या मते रंगाची सुटलेली धूळ श्वासावाटे जात होती, तर दुसऱ्या पक्षाचा भर बाष्पावर होता.

बाष्पाच्या पक्षाला आधार मिळाला तो बुरशीकडून. इटलीतील फ्रान्चेस्को सेल्मी याने 1874 च्या सुमारास बुरशीचा आणि आर्सेनिकयुक्त वायूचा संबंध सुचवला होता. रोममधील सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतील वैद्य बार्तोलोमेओ गोसिओ याने 1890 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो प्रत्यक्ष दाखवला. उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यात सोमल कालवून तो त्याने तळघराच्या हवेत उघडा ठेवला. लगद्यावर बुरशी धरली आणि तीतून लसणासारखा वास येऊ लागला. त्या बुरशीच्या जाती वेगळ्या करून वाढवल्यावर असे आढळले की, त्यांतल्या काही थोड्याच जाती हा वायू सोडतात आणि त्यांत पेनिसिलियम ब्रेव्हिकॉले, आजच्या नावाने स्कोप्युलॅरिऑप्सिस ब्रेव्हिकॉलिस, ही सर्वांत जोमदार आहे. भिंतीचा ओलावा आणि कागदामागची पिठाची खळ हे तिचे अन्नपाणी, तेव्हा ग्मेलिनच्या दमट खोल्यांचा उलगडा झाल्यासारखे वाटले. (याच गोसिओने 1893 मध्ये बुरशी लागलेल्या मक्याचा अभ्यास करताना मायकोफेनॉलिक आम्ल स्फटिकरूपात मिळवले, आणि त्याच्यापासून बनलेले औषध आज मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना दिले जाते.)

गोसिओच्या हाती ही बुरशी स्वतःच एक उपकरण झाली. संशयित वस्तूचा तुकडा निर्जंतुक करून पाव किंवा बटाट्याच्या लगद्यात मिसळावा, त्यावर या बुरशीचे विरजण लावावे, चंबूचे तोंड बंद करून तो उबेत ठेवावा, आणि काही काळाने बूच काढून हुंगावे, अशी ही परीक्षा. आर्सेनिकचा अत्यल्प अंशही तीत लसणाच्या वासाने ओळखता येई. तिचा दोष असा की, सेलेनियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगांवरही बुरशी असेच उग्र वास उत्पन्न करते, त्यामुळे परीक्षकाचे नाक तयार नसेल तर निर्णय चुकू शके.

वायूला गोसिओचे नाव मिळाले, पण त्याची घडण ठरवताना मोठी चूक झाली. पिएत्रो बिजिनेल्ली याने तो वायू पाऱ्याच्या क्लोराइडच्या आम्लयुक्त द्रावणात शोषून स्फटिक मिळवले आणि त्यावरून तो डायएथिलआर्सीन असल्याचा निष्कर्ष काढला. 1930 नंतर लवकरच इंग्लंडच्या फॉरेस्ट ऑफ डीन भागात, आर्सेनिकयुक्त गिलाव्याच्या घरात, दोन मुले दगावल्यामुळे हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. लीड्स विद्यापीठातील फ्रेडरिक चॅलेंजर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक पावावर बुरशी वाढवली, तिच्यावरून हवा सावकाश ओढून बिजिनेल्लीच्याच द्रावणातून नेली आणि 1933 मध्ये जाहीर केले की, हा वायू ट्रायमिथिलआर्सीन, म्हणजे आर्सेनिकच्या एका अणूला कार्बनचे तीन मिथिल गट जोडलेले संयुग, होय. सजीव पेशी धातुसदृश मूलद्रव्यांना मिथिल गट जोडतात या क्रियेचे जैविक मिथिलीकरण हे नाव चॅलेंजरच्या याच कामातून रूढ झाले.

गोसिओने वायू निघतो हे दाखवले होते, चॅलेंजरने तो कोणता हे ठरवले. तोच वायू माणसे मारत होता, हे मात्र या दोन शोधांतून आपोआप निघत नाही. तरीही ग्रंथांतून ते सिद्ध झाल्यासारखे लिहिले गेले, आणि सेंट हेलेनावरील नेपोलियनच्या दिवाणखान्याचा कागदही 1980 नंतर या चर्चेत ओढला गेला. विल्यम कलन आणि रोनाल्ड बेंटली या संशोधकांनी 2005 मध्ये उपलब्ध पुरावा पुन्हा चाळून ट्रायमिथिलआर्सीनच्या जहालपणाची ही समजूत म्हणजे दंतकथा असल्याचे मांडले. प्राण्यांवरील प्रयोगांत हा वायू मार्शच्या बशीवर डाग उमटवणाऱ्या साध्या आर्सीनच्या तुलनेत फारच सौम्य ठरला आहे. त्यामुळे धुळीचा जुना पक्ष पुन्हा विचारात घ्यावा लागतो. हवेतील आर्सेनिक तपासताना आता गाळणकागदावर धूळ अडवतात, पुढे जाणारा वायू शोषक नळीत धरतात आणि दोन्हींची मोजणी स्वतंत्र करतात, म्हणजे वास कशाचा आणि बाधा कशाची हे प्रश्न निदान एकाच आकड्यात मिसळत नाहीत.