तळटीप : ‘नाय काय?’

‘तवसाळची फेरी गेली, नाय काय?’ जयगडच्या जेटीवरच्या या वाक्यात प्रश्नचिन्ह असलं तरी चौकशी नाही. शास्त्रीच्या खाडीत निम्म्यावर पोचलेली फेरीबोट दोघांनाही दिसते आहे. बोलणाऱ्याला हवा आहे तो दुजोरा. प्रमाण मराठीत हे काम ‘ना?’, ‘नाही का?’, ‘हो की नाही?’ करतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. ‘ना?’ होकार गृहीत धरतो. ‘हो की नाही?’ तो वदवून घेतो, मास्तरांच्या तोंडी तर दटावतोच. ‘बस ना’ मधला ‘ना’ मात्र आर्जवाचा, म्हणून तिथलं प्रश्नचिन्ह आम्ही काढलं आहे.

स्पॅनिश बोलण्यात हीच सोय ‘नो?’ आणि ‘बेर्दाद?’ (खरं ना?) करतात, स्पेनमध्ये बेत ठरवताना ‘बाले?’ म्हणजे ‘चालेल ना?’ विचारतात. इंग्रजीसारखं शेवटचं क्रियापद आधीच्या वाक्याशी जुळवत बसावं लागत नाही. लेखनात मात्र ते आपल्यापेक्षा चोख. स्पॅनिश अकादमीने १७५४मध्ये स्वीकारलेलं उलटं प्रश्नचिन्ह अशा वेळी वाक्यारंभी न येता नेमकं या शेपटाआधी येतं, त्यामुळे विधान कुठे संपलं ते डोळ्यांनाच कळतं. आपल्याला स्वल्पविरामावर भागवावं लागतं. पुढे ‘नाय काय गो?’ येईल तिथे तो ‘नाय’च्या आधी आहे, ‘गो’च्या आधी नाही, बाईमाणसाला घातलेली ही हाक शेपटाला चिकटूनच उच्चारली जाते.