विकत घेतले, पण कोणाचे झाले?

वार्षिक परीक्षा झाली की वरच्या वर्गात गेलेल्या मुलाची पुस्तके खालच्या वर्गातल्या मुलाकडे जातात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फोर्टच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री वर्षानुवर्षे चालत आली आहे. त्यासाठी प्रकाशकाची परवानगी कोणी मागत नाही. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की हा हक्क आला कोठून, असा प्रश्नही पडत नाही. परंतु पैसे मोजून घेतलेले ई-पुस्तक वाचून झाल्यावर मित्राला देता येत नाही, विकता येत नाही आणि क्वचित ते आपल्या हातूनही निघून जाते. दोन्ही व्यवहारांना आपण 'खरेदी' असेच म्हणतो. मग हा फरक कोठे निर्माण झाला? तो समजून घ्यायचा तर अमेरिकेतील काही खटल्यांकडे वळावे लागेल. आपण वापरतो त्यांपैकी अनेक डिजिटल दुकाने अमेरिकन आहेत आणि त्यांच्या अटींना हाच इतिहास आहे.

एक डॉलरची छापील अट

इंडियानापोलिस येथील बॉब्ज-मेरिल या प्रकाशन संस्थेने १९०४ साली हॅली एर्मिनी राइव्ह्ज या लेखिकेची 'द कास्टअवे' ही कादंबरी काढली. आतल्या पानावर कॉपीराइटच्या ओळीखाली एक सूचना छापली होती. किरकोळ विक्रीची किंमत १ डॉलर. त्याहून कमी किमतीला विकण्याची मुभा कोणाही विक्रेत्याला नाही. तसे केल्यास तो कॉपीराइटचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसी या मोठ्या दुकानाने ही कादंबरी ८९ सेंटला विकायला ठेवली. प्रकाशकाने दुकानाचे मालक असलेल्या स्ट्रॉस बंधूंवर खटला भरला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ जून १९०८ रोजी प्रकाशकाच्या विरुद्ध निकाल दिला. कायद्याने प्रती काढण्याचा आणि त्या विकण्याचा हक्क प्रकाशकाला आहे. मात्र एखादी प्रत योग्य मोबदला घेऊन एकदा विकली की ती पुढे कोणी, कितीला विकावी यावर त्याचा ताबा राहत नाही. केवळ सूचना छापून तो ताबा निर्माण करता येत नाही. याला 'पहिल्या विक्रीचे तत्त्व' म्हणतात. पुढच्याच वर्षीच्या, १९०९ च्या कॉपीराइट कायद्यात ते समाविष्ट झाले.

या निकालाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कादंबरी ही लेखकाची कृती. तिच्या आणखी प्रती काढण्याचा अधिकार लेखक-प्रकाशकाचा. आणि हातात असलेला कागदाचा गठ्ठा ही एक प्रत. ती विकत घेणाऱ्याची. जुन्या पुस्तकांचे दुकान या भेदावर उभे आहे.

'मालकी आमचीच, तुम्हाला फक्त परवाना'

विक्रेत्यांनी मग दुसरी वाट शोधली. विकतच नाही असे म्हटले तर? व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी आपल्या ग्रामोफोन यंत्रांवर एक नोटीस चिकटवत असे. यंत्राची मालकी पेटंटची मुदत संपेपर्यंत कंपनीकडेच राहील, पैसे देणाऱ्याला केवळ वापराचा परवाना मिळेल, असा तिचा आशय होता. प्रत्यक्षात ग्राहक पूर्ण किंमत मोजून यंत्र घरी नेत असे. या वेळीही वाद मेसीशीच झाला. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा नाकारला. पूर्ण किंमत घेऊन यंत्र कायमचे दिले, तर कागदावर त्याला परवाना म्हटल्याने विक्रीचे स्वरूप बदलत नाही, असे त्या निकालाचे सार होते.

येथे प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण आज डिजिटल दुकानांच्या अटी उघडून पाहिल्या, तर जवळपास तेच वाक्य भेटते: आशय विकलेला नाही, त्याचा परवाना दिला आहे. १९१७ साली न टिकलेले वाक्य आज टिकते ते कशामुळे? याचे कारण वकिलीत जितके आहे तितकेच संगणकाच्या रचनेत आहे.

वाचणे म्हणजे नक्कल करणे

कागदी पुस्तक वाचताना त्याची नवी प्रत तयार होत नाही. पुस्तक मित्राला दिले तर ते आपल्याकडे उरत नाही. संगणकाचे तसे नाही. चकतीवर साठवलेली फाईल उघडली की तिचा मजकूर कार्यकारी स्मृतीत उतरतो, म्हणजे त्याची तात्पुरती नक्कल होते. फाईल दुसऱ्याला 'पाठवली' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तिकडे नवी प्रत तयार होते आणि मूळ जागच्या जागी राहते. कॉपीराइटचा कायदा प्रती काढण्याविषयी आहे. त्यामुळे जे माध्यम प्रत काढल्याशिवाय वाचताच येत नाही, त्यात हा कायदा थेट वाचनाच्या क्रियेत शिरतो.

१९९३ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने हे स्पष्टच म्हटले. संगणक दुरुस्त करणाऱ्या पीक नावाच्या कंपनीने ग्राहकाचे यंत्र सुरू केले. त्याबरोबर एमएआय कंपनीची आज्ञावली स्मृतीत उतरली, आणि न्यायालयाने ती नक्कल ठरवली. दुरुस्तीपुरता हा अडथळा कायदा बदलून दूर करावा लागला. १९९६ साली दुसऱ्या एका न्यायालयाने वेष्टनाच्या आतला परवाना ग्राहकावर बंधनकारक मानला. तो खटला ३,००० हून अधिक टेलिफोन डिरेक्टऱ्यांतील माहितीच्या सीडीविषयी होता.

कुलूप, किल्ली आणि सर्व्हर

अट कागदावर असली की ती मोडता येते. मग विक्रेत्याला न्यायालयात जावे लागते. डिजिटल वस्तूत अट यंत्रातच बसवता येते. ई-पुस्तकाची फाईल सांकेतिक रूपात, विस्कटून दिलेली असते. ती उलगडण्याची किल्ली वाचनयंत्राला किंवा ग्राहकाच्या खात्याला जोडलेली असते आणि ती देणे, न देणे दुकानाच्या सर्व्हरच्या हाती असते. फाईल आपल्याकडे, किल्ली त्यांच्याकडे. १९९८ च्या अमेरिकन कायद्याने असे कुलूप तोडणे हाच स्वतंत्र गुन्हा केला.

या व्यवस्थेचा अर्थ जुलै २००९ मध्ये लोकांना एकदम कळला. ॲमेझॉनच्या किंडल यंत्रावर जॉर्ज ऑरवेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तके ज्याने विक्रीला ठेवली होती, त्याच्याकडे अमेरिकेतील हक्क नव्हते. चूक लक्षात आल्यावर ॲमेझॉनने पैसे परत केले आणि ग्राहकांच्या यंत्रांतून पुस्तके दुरूनच पुसून टाकली. मिशिगन राज्यातील एका शाळकरी मुलाने शाळेच्या कामासाठी '१९८४' वर टिपणे काढली होती. टिपणे उरली, पण ती ज्या मजकुरावर होती तो नाहीसा झाल्याने निरुपयोगी ठरली. तो न्यायालयात गेला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली आणि पुढे काही ठरावीक अपवाद वगळता असे न करण्याचे कंपनीने मान्य केले. कागदी पुस्तकात असाच हक्काचा घोटाळा झाला असता, तरी प्रकाशकाला वाचकाच्या घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलता आले नसते.

२०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र उघडेनाशी झाली.

ग्रंथालयाचे काय?

आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ग्रंथालयाची बाजू. ग्रंथालय पुस्तक देऊ शकते, कारण ती प्रत त्याची असते. ई-पुस्तकाचा परवाना असेल, तर देवघेवीच्या अटी प्रकाशक ठरवतो. २०११ साली हार्परकॉलिन्सने अमेरिकेतील ग्रंथालयांना अट घातली की एक ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की परवाना संपेल आणि पुन्हा पैसे भरावे लागतील. प्रत्येक वाचकाला दोन आठवडे धरले तर हे ५२ आठवडे, म्हणजे बरोबर एक वर्ष होते. कागदी पुस्तक कालांतराने झिजते, हे त्यामागचे समर्थन. न झिजणाऱ्या वस्तूला झीज मुद्दाम बसवण्यात आली.

प्रकाशकांची बाजू अगदीच पोकळ नाही. फाईल नव्यासारखीच राहते आणि क्षणात हजार जणांकडे जाऊ शकते; तसे सर्रास झाले तर लेखकाने जगावे कशावर? मग पाठवणाऱ्याची प्रत पुसली जाईल अशी सोय केली तर? रेडिजी या कंपनीने तेच करून पाहिले. गाण्याच्या फाईलचा एकेक तुकडा पलीकडे पोहोचताना अलीकडचा पुसला जाई. तरीही २०१८ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने म्हटले की पलीकडे तयार झाली ती नवीच प्रत आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१२ साली कायमच्या परवान्याने घेतलेली संगणक-आज्ञावली पुढे विकता येते असा निर्णय दिला. पण २०१९ साली ई-पुस्तकांना ती सवलत नाकारली.

शब्द तरी खरा वापरा

अलीकडे वादाचा रोख 'खरेदी' या शब्दाकडे वळला आहे. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात नवा कायदा लागू झाला. त्यानुसार डिजिटल वस्तूचा केवळ परवाना मिळत असेल, तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असे लिहिता येत नाही. जी वस्तू कायमची उतरवून घेऊन जोडणीशिवाय वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. म्हणजे वस्तू डिजिटल आहे की नाही, हा निकष नाही. दिलेली वस्तू विक्रेत्याला परत घेता येते का, हा आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुस्तकाच्या प्रती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क लेखकाला आहे, पण एकदा प्रसारात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. आपला जुना पुस्तकबाजार कायदेशीर आहे तो यामुळे. २०१२ च्या दुरुस्तीने डिजिटल कुलपांनाही संरक्षण मिळाले. मात्र हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हाच त्यात गुन्हा आहे. अमेरिकेपेक्षा ही तरतूद सौम्य आहे.

शाळांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात उतरवून घेता येतात आणि ती संगणकावर राहतात. परंतु वर्गणी भरून घेतलेला डिजिटल अभ्याससंच वर्गणी संपताच बंद होऊ शकतो. तेव्हा शाळेसाठी असे काही घेताना चार प्रश्न जरूर विचारावेत. इंटरनेट नसताना ते चालेल का? कंपनी बंद पडली तर काय उरेल? मुलांनी काढलेली टिपणे वेगळी जपून ठेवता येतील का? पुढच्या वर्षीच्या मुलांना ते पुन्हा पैसे न भरता वापरता येईल का?

वरच्या वर्गांत यावर चांगला वाद घडवता येईल. एका गटाने १९०८ च्या प्रकाशकाची, दुसऱ्याने मेसीची बाजू घ्यावी. मग 'द कास्टअवे'च्या जागी एक ई-पुस्तक ठेवावे आणि त्याच गटांना पुन्हा बोलायला लावावे. कोणता युक्तिवाद तसाच टिकतो आणि कोणता बदलावा लागतो, हे मुलांनी फळ्यावर दोन रकान्यांत लिहावे.