१८६० चे वर्ष आणि श्वास मोजणारे मणी

१/ सन १८६०. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली. त्याच वर्षी जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांचा वायूंच्या कणांवरील निबंध छापून आला आणि त्याच उन्हाळ्यात लंडनला आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली. क्षेत्रे तीन, पण त्यांना जोडणारे सूत्र एक. त्याचा माग काढत आपल्याला वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत यायचे आहे.

२/ सूत्राचे टोक आहे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ क्वेटले यांच्या हाती. एकाच ताऱ्याचे स्थान पुन्हा पुन्हा मोजले की मापे थोडी थोडी चुकतात. पण त्या चुकांनाही घंटेसारखा एक आकार असतो. क्वेटले यांनी हजारो स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे मांडली, तर तोच आकार उमटला. एक माणूस अनिश्चित, समूह मात्र नियमबद्ध, हा त्यांचा सिद्धांत.

३/ क्वेटले यांच्या ग्रंथावर जॉन हर्शेल यांनी लिहिलेले परीक्षण तरुण मॅक्सवेल यांनी वाचले होते. वायूचा एकेक कण पाहता येत नाही. मग कणांच्या वेगांची विभागणी का मांडू नये? मॅक्सवेल यांनी ती मांडली आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संख्याशास्त्राचा प्रवेश झाला. ही पद्धत आपण संख्याशास्त्राकडून घेतल्याचे त्यांनी १८७३ च्या व्याख्यानात उघडपणे सांगितले.

४/ क्वेटले यांना गुरुस्थानी मानणारी दुसरी व्यक्ती म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक नेले, हे त्यांनी आकृत्या काढून सिद्ध केले. रुग्णालयांच्या नोंदींत मेळ नव्हता; रोगांची नावेसुद्धा जागोजागी निराळी. सर्वत्र एकच नमुना असावा, हा त्यांचा प्रस्ताव १८६० च्या त्याच परिषदेपुढे आला. परिषदेसाठी क्वेटले लंडनला आले असता दोघांची भेटही झाली.

५/ त्या वर्षीच्या परिचर्या-शाळेचे महत्त्व येथे कळते. नाइटिंगेल यांच्या मते निरीक्षण हा परिचर्येचा प्राण. रुग्णाची उशी नीट करणारा हातच रुग्णात झालेला बदल टिपू शकतो. मोजणारा आणि सेवा करणारा वेगळा नसावा, हा विचार तेथे शिक्षणाचा भाग झाला.

६/ हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध दीर्घ होता. येथील ब्रिटिश फौजेत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत असल्याचे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालाने दाखवले. त्यामागे नाइटिंगेल यांचे परिश्रम होते. पुढे त्यांची दृष्टी छावणीकडून खेड्याकडे वळली. गावांच्या स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला.

७/ जानेवारी १८९७, मुंबईचा भायखळा तुरुंग. प्लेग आत शिरला आणि वाल्डेमार हाफकिन यांनी पुढे आलेल्या जवळपास निम्म्या कैद्यांना लस टोचली. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. टोचलेल्यांत २ आजारी पडले, मृत्यू एकही नाही. तुलनेसाठी दुसरा गट असल्यामुळेच लसीचा गुण दिसला. मात्र तुरुंगातल्या ‘स्वेच्छे’ला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न आजही मिटलेला नाही.

८/ आता गडचिरोली. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्था स्थापली. घरी जन्मून घरीच दगावणारी बाळे सरकारी कागदांवर बहुधा येतच नसत. म्हणून पहिले काम मोजण्याचे. बालकांचा एक मोठा मारेकरी न्यूमोनिया, आणि त्याची खूण म्हणजे वेगाने चालणारा श्वास. पण निरक्षर सुईणीने तो मोजायचा कसा? उपाय निघाला एका साध्या साधनात. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू.

९/ पुढचा प्रयोग नवजात बाळांचा. ३९ गावांत निवडलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे व त्यावर उपचार करणे शिकवले. तुलनेच्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू राहिल्या. १९९३–९५ मध्ये प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात दगावत. १९९७–९८ मध्ये हा आकडा २५.५ झाला, तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

१०/ या आकड्यांचा मूळ कागद मोठ्या रुग्णालयात लिहिला गेला नव्हता. तो लिहिला गावातल्या स्त्रियांनी, बाळंतिणीच्या खोलीत बसून. नोंद चुकली असती तर संशोधन कोसळले असते; आणि नोंद झालीच नसती, तर ही बाळे वाचवता येतात हे कुणाला कळलेच नसते.

११/ २०११ पासून घरोघरी नवजात बाळाची काळजी हा देशाचा कार्यक्रम आहे. रुग्णालयातल्या प्रसूतीनंतर आशा ताईने पहिल्या ४२ दिवसांत ६ भेटी द्यायच्या, घरच्या प्रसूतीनंतर ७. भंडारा जिल्ह्यातल्या कोंढा-पवनी परिसरातून वैनगंगा पुढे गडचिरोलीकडे जाते. ही पद्धत मात्र गडचिरोलीहून उलट दिशेने कोंढ्यासारख्या गावांत आली. आशा ताई बाळाचे वजन करून आकडा लिहिते, तेव्हा ताऱ्यांच्या मोजमापापासून निघालेली एक जुनी विद्या तिच्या हाती असते. त्या आकड्याला विज्ञानाचा मान देतो, तितकाच तो लिहिणारीलाही द्यायला हवा.