निनांवी रोग

लँकेशायरमधील रॉचडेल हें इंग्लंडांतील कापसाच्या गिरण्यांचें गांव. सूत कांतण्याचें तेथील जुनें कसब एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका दगडाच्या कामीं आलें. ॲस्बेस्टॉस हें खनिज खरें. पण तें पिंजलें म्हणजे त्याचे रेशमासारखे तंतु निघतात, ते विंचरतां येतात, कांततां येतात, आणि त्यांचें विणलेलें कापड आगींत जळत नाहीं. वाफेच्या यंत्रांना याहून सोयीचें वेष्टण तें कोणतें? नेली केर्शॉ ही मुलगी १९०३ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, कापसाच्या गिरणींत लागली आणि थोड्याच महिन्यांत ॲस्बेस्टॉस कांतण्याच्या कामावर गेली.

१९२० सालीं तिला धाप लागूं लागली. १९२२ मध्यें काम सुटलें. डॉक्टरांनीं रोग धंद्यापासून झाला असें लिहून दिल्यामुळें सरकारी विम्यांतून आजारपणाचा भत्ता मिळेना. धंद्याच्या रोगाची भरपाई मालकानें द्यावयाची; परंतु कायद्याच्या यादींत हा रोगच नव्हता, व मालकांनीं जबाबदारी साफ नाकारली. एका दारीं रोग धंद्याचा म्हणून नकार, दुसऱ्या दारीं तो धंद्याचा नव्हे म्हणून नकार! १४ मार्च १९२४ रोजीं, अवघ्या ३३ व्या वर्षीं, ती वारली.

विल्यम कुक या रोगचिकित्सकानें तिचीं फुप्फुसें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलीं. त्यांत क्षयाच्या जुन्या खुणा होत्या. पण त्याबरोबरच सर्वत्र घट्ट व्रणतंतु माजलेले असून त्यांत खनिजाचे कण रुतलेले होते. श्वासाबरोबर खोल गेलेला ॲस्बेस्टॉसचा तंतु शरीर विरघळवूं शकत नाहीं. त्याला गिळूं पाहणाऱ्या पेशीच मरतात, दाह चालू राहतो, आणि दुखापत भरून काढण्यासाठीं बनलेली ऊतीच फुप्फुसाला कठीण करून सोडते. भाता चामड्याऐवजीं लांकडाचा झाला तर जें होईल, तेंच हळूहळू, दहा-वीस वर्षांत, होतें. काम सोडल्यावरही तें थांबेलच असें नाहीं. कुकनें १९२४ सालीं ही हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें छापली व १९२७ सालीं रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हें नांव दिलें.

मात्र हें सारें तेव्हांच प्रथम कळलें असें समजणें चूक होईल. ल्यूसी डीन या कारखाना-निरीक्षक बाईनें १८९८ च्या अहवालांतच या धुळीचे कण कांचेसारखे तीक्ष्ण असल्याचें नमूद केलें होतें. लंडनच्या डॉ. माँटेग्यू मरे यांनीं १९०६ सालीं सरकारी समितीपुढें एका कामगाराची हकीकत सांगितली. पिंजण्याच्या खोलींतील दहा जणांपैकीं आपण एकटेच उरलों, असें तो मरणापूर्वीं सांगत असे. समितीनें ऐकून घेतलें. यादींत रोग घातला नाहीं. तो तेव्हां घातला असता, तर नेलीला रित्या हातीं परतावें लागलें नसतें.

पुढें मेरेवेदर व प्राइस यांनीं ३६३ कामगार तपासले. चौघांत एकाहून अधिकांना रोग जडलेला आढळला, आणि वीस वर्षांहून अधिक नोकरी झालेल्यांत तर पांचांपैकीं चौघांना. १९३० च्या त्यांच्या अहवालानंतर धूळ ओढून घेणारीं यंत्रें, वैद्यकीय तपासणी व भरपाई यांचे नियम १९३१ सालीं झाले. पण ते मुख्यतः कारखान्यापुरतेच होते. तोच माल जहाजांच्या नळ्यांना व बाष्पकांना गुंडाळणारे कामगार त्यांबाहेर राहिले. ब्रिटनमध्यें ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी येण्यास १९९९ साल उजाडावें लागलें.